हमावाला

अर्धी दाढी झाली होती तेव्हा मला ते कळलं. अमरावतीत मुलीच्या घराजवळ डोमाजीचं सलून आहे, तिथं मी बसलो होतो. डावा गाल साफ झाला होता, उजव्या गालावर फेस तसाच होता. समोर आरसा, आणि आरशात माझ्या मागच्या भिंतीवरचा टीव्ही. आरशात अक्षरं उलटी दिसतात म्हणून मी खालची पट्टी वाचत नव्हतो. बातम्या देणारी बाई कापसाच्या भावाबद्दल बोलली, कुठल्या तरी पुलाबद्दल बोलली, आणि मग त्याच आवाजात म्हणाली की अमेरिकेने सीरियावरचे आर्थिक निर्बंध संपवले, अध्यक्षांनी आदेशावर सही केली, आता निर्बंधांचा तो सगळा कार्यक्रमच बंद. मी मान वळवली. वस्तरा हनुवटीखाली लागला. डोमाजी म्हणाला, "काका, मान हालवू नका. सीरियाचं व्हायचं ते होईन, तुमचाच निकाल लागन इथं." बाकावर बसलेले दोघं हसले. मीही हसलो असेन. त्याने तुरटी फिरवली, ती झोंबली, आणि झोंबताना मला वाटलं की आता लवकर घरी जावं आणि जाईला सांगावं. उठायला खुर्चीचा दांडा धरला तेव्हा आठवलं. जाई जून लागताच गेली होती. डोमाजीने मला खांदा दाबून परत बसवलं आणि उजवा गाल केला.

घरी आलो तर प्रियदर्शनी शाळेत निघाली होती. ती इथं शिक्षिका आहे. आई गेल्यावर तिने मला अकोल्याच्या घरात एकटा राहू दिलं नाही, कुलूप लावून घेऊन आली. तिने माझ्या हनुवटीवरचं रक्त पाहिलं, मी ते पुसलं. ती गेल्यावर मी टीव्ही लावला. तिकडचे लोक रस्त्यावर आले होते, गाड्यांचे भोंगे वाजवत होते, एक म्हातारा हात वर करून गोल फिरत होता. मी तिकडं कामाला होतो तेव्हाच्या चौकीदाराला, अबू यासीनला, त्या गर्दीत शोधत होतो. तो असेल तर आता खूप म्हातारा असेल. त्याला चार मुलं होती, त्यांची पोटं या निर्बंधांनी किती मारली असतील याचा मला थोडा अंदाज आहे, कारण आम्ही परत आल्यावर सुरुवातीची एक-दोन वर्षं त्याचे फोन यायचे आणि तो हिंदीतले शिकवलेले दोन शब्द म्हणायचा, सब बंद, सब बंद. आता त्याचं सब चालू होत होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मी टीव्हीसमोर उभा राहून मनात म्हणत होतो, नका उघडू. इतकी वर्षं ठेवलं, आणखी ठेवा. जाई होती तेव्हा उघडलं नाही, आता कशासाठी उघडता. एखाद्या अख्ख्या देशाला उपाशी ठेवा असं मनात म्हणणारा माणूस मी कधी होतो? मला माझीच भीती वाटली. मी टीव्ही बंद केला, पुन्हा लावला.

मे महिन्यात पहिल्यांदा बातमी आली होती की निर्बंध उठणार. उठले नव्हते, उठणार होते. जाई तेव्हा अकोल्यातच घरी होती, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं, आणि घरी न्या म्हणजे काय ते तिलाही कळलं होतं. तिची किडनी संपली होती, अंग सुजलं होतं, उन्हाळा आगीसारखा होता, कूलरसमोर खाटेवर पडून असायची. ती बातमी तिने स्वतः ऐकली. मी स्वयंपाकघरात होतो. तिने हाक मारली तर मला वाटलं पाणी पाहिजे. ती उशीला टेकून उठून बसली होती. कितीतरी दिवसांत ती स्वतःहून उठली नव्हती. म्हणाली, "माही जांभळी साडी इस्त्रीले टाका. तिकडं थंडी असते, शालही पाह्यजा कुठं हाय." मी हो म्हणालो. साडी खरंच इस्त्रीला टाकली. ती साडी तिच्या अंगावर घालूनच आम्ही तिला नेलं. तिच्या अस्थी मुलीने विहाराच्या आवारात बोधिवृक्षाच्या मुळाशी टाकल्या, मी पाहत होतो आणि मला वाटत होतं की ही जागा चुकली आहे.

मी जिनिंगचा फिटर. अकोटच्या जिनिंगमध्ये पोरवयात लागलो आणि हाताने शिकलो. कापूस रोलरवर ओढला जातो, पात्यापाशी अडतो, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते. पातं आणि रोलर यांच्यात अंतर किती ठेवायचं ते बोटाला कळावं लागतं. अकोल्यात विपुल नावाचा व्यापारी आहे, त्याच्या वडिलांचं जिनिंगच्या यंत्रांचं दुकान होतं, ते बाहेरच्या देशांत यंत्रं पाठवायचे आणि ती बसवायला माझ्यासारख्याला पाठवायचे. हमा नावाचं शहर सीरियात आहे, त्या शहराबाहेर एक जिनिंग होतं, तिथं यंत्रांची पहिली ओळ मी बसवली. दुसरी ओळ बसवायला परत गेलो तेव्हा काम लांबणार होतं, राहायला खोल्या मिळत होत्या, म्हणून जाईला घेऊन गेलो. प्रियदर्शनी शाळेत होती, ती मामाकडे राहिली. त्या शहरात नदीवर लाकडाची मोठमोठी चाकं आहेत, पाण्याने फिरतात आणि फिरताना कण्हतात. पहिल्या दिवशी जाई घाबरली, म्हणाली कोणी बाई दुखण्यात पडली काय शेजारी. मग सवय झाली. पुढे तर चाकं थांबली की ती जागी व्हायची. तिला तिथं दिवस गेले. चाळिशीला आलेली बाई, मुलगी न्हातीधुती झालेली, तिला लाज वाटत होती आणि ती खूश होती. तिने अकोल्याला फोनवर कोणाला सांगितलं नाही, म्हणे एकदम मांडीवर घेऊनच दाखवू.

मुलगा झाला आणि तो रडला नाही. थंडीचे दिवस होते. दवाखान्याने त्याला माझ्या हातात दिलं. गावात त्यांची कबरस्तानं होती, पण आम्ही त्यांच्यातले नाही, कागद लागणार, परवानगी लागणार. जिनिंगचा मॅनेजर भला माणूस होता, त्याने हाताने दाखवलं की मागे घेऊन जा. शेडच्या मागे भिंतीच्या आत मोठी मोकळी जागा होती, पुढे शेड वाढवायचं झालं तर तिकडं वाढवायचं म्हणून ठेवलेली. अबू यासीन तिथला चौकीदार. तो फावडं घेऊन माझ्याबरोबर आला. खड्डा मीच खणला. माती लाल होती, विटेच्या चुऱ्यासारखी. आमच्याकडे एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. खड्ड्यात मीठ टाकतात, म्हणजे लवकर माती होते. मीठ मी खोलीतून घेऊन आलो होतो. वर खूण ठेवत नाहीत. आणि परत येताना मागे वळून पाहत नाहीत. हे मला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. माझा एक लहान भाऊ गेला तेव्हा बाप त्याला घेऊन नाल्याकडे गेला आणि परत येताना सरळ समोर पाहत आला, मी बांधावर उभा होतो, माझ्याकडेही त्याने पाहिलं नाही, एवढंच मला माहीत. अबू यासीनने कुठून तरी एक दगड आणला, पांढरा, दोन हातांत धरावा लागेल एवढा. तो वर ठेवायला वाकला. मी हाताने नको म्हटलं. त्याला समजलं नाही. त्याने पुन्हा दगड पुढे केला, मी पुन्हा नको म्हटलं. आमच्यात ठेवत नाहीत, मी मराठीत सांगितलं, दुसरी भाषा सुचलीच नाही. मग मी निघालो. तो मागे राहिला. दगड त्याच्या हातात होता. पुढे त्याने काय केलं ते मला माहीत नाही, कारण मी वळलो नाही.

जाई दवाखान्यातून खोलीवर आली. खोलीच्या मागच्या खिडकीतून ती भिंत दिसायची, भिंतीच्या आतलं दिसत नव्हतं. ती तिथं उभी राहायची. जायचं म्हणून तिने विचारलं नाही आणि मी चल म्हटलं नाही. आई तिथं जात नसते, एवढं आम्हा दोघांच्याही अंगात होतं. रोज ती मला डबा द्यायला शेडमध्ये यायची, मी तिला पाहायचो. मागच्या दारापर्यंत यायची, पुढे नाही. त्याच वर्षी तिकडं गोळीबार सुरू झाला, उन्हाळ्यात निर्बंध कडक झाले, आणि विपुलच्या वडिलांचा फोन आला की जे आहे तसं टाका आणि निघा. आम्ही निघालो. विमानात जाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आपन त हे सारं छप्पन साली सोडलं ना? बाबासाहेबानं सोडाले लावलं, आपल्या आजोबानं देव पाण्यात टाकले. मंग मी काहून नाही गेली त्याच्यापाशी?" ती मला दोष देत नव्हती, खरंच विचारत होती. पुढे कितीतरी वर्षं ती तेच विचारत राहिली, कधी भाकरी थापताना, कधी बसमध्ये, एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवत नाही अशा आवाजात.

तिला सगळे सांगत होते की सहा महिन्यांत सुरळीत होईल. मीही सांगत होतो. तिला आधी कळत नव्हतं की अमेरिकेचा आणि आपला काय संबंध. विपुलच्या वडिलांनी मला सांगितलं तसं मी तिला सांगितलं, की मुंबईची बँक सीरियाचं नाव असलेला कागद हातात घ्यायला तयार नाही, कारण तिचा धंदा अमेरिकेशी आहे. जहाजवाले पेटी चढवत नाहीत, विमेवाले नाही म्हणतात. पैसा येऊ शकत नाही तर काम नाही, काम नाही तर मला कोण पाठवणार, आणि आपल्या पैशाने जायचं तर तिकडं लढाई. तिने हे सगळं एकदा ऐकलं आणि लक्षात ठेवलं. चौथी शिकलेली बाई, पण टीव्हीवर निर्बंध हा शब्द आला की हातातलं काम थांबायचं. शेजारच्या मैनाबाई तिला हसायच्या, म्हणायच्या, हिची लेक दिली वाटते अमेरिकेच्या घरी. दुसऱ्या ओळीची उरलेली यंत्रं अकोल्यातच अडकून पडली होती, विपुलच्या गोदामात, लाकडी पेट्यांमध्ये, पेट्यांवर इंग्रजीत हमा लिहिलेलं. मी तिथं कामाला जायचो. एकदा ती माझा डबा घेऊन आली आणि पेटीवर हात ठेवून उभी राहिली. त्यानंतर ती त्या पेट्यांची चौकशी करायची. आहेत ना अजून? विकल्या नाही ना? पेट्या आहेत म्हणजे जायचं आहे, असं तिचं गणित होतं. तिचं एकटीचं कशाला, माझंही होतं.

आणि संध्याकाळी ती मला रस्ता विचारायची. तिने न पाहिलेला तेवढाच तुकडा होता, मागच्या दारापासून पुढचा, पण सुरुवात फाटकापासून करावी लागायची. फाटक, मग वजनकाटा, मग कापसाच्या गंज्या, मग शेड, यंत्रांची ओळ, मागचं दार. दाराबाहेर पाण्याची टाकी. टाकीवरून पुढं. मंग? मंग भिंतीच्या अंगानं थोडं. थोडं म्हणजे किती? मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगायचो, आणि त्यापुढे मला माहीत नव्हतं, जाताना मी पावलं मोजली नव्हती आणि नंतर तिकडं पाहिलं नव्हतं, तेही सांगायचो. तिचं त्याने अडायचं नाही. ती पुढचं स्वतः पाहायची. म्हणायची, तिथं सावली पडत असन दुपारून, भिंतीची. म्हणायची, आता गवत वाढलं असन, काळ्या मातीत गवत लय वाढते. मी म्हणायचो, लाल आहे माती. हो हो, लाल, म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी. वऱ्हाडातल्या बाईला माती म्हटली की काळीच दिसते. त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं, ती त्याला हमावाला म्हणायची. हमावाला आता शाळेत गेला असता. हमावाल्याच्या अंगाला यंदा उन्हाळा लागला असता. प्रियदर्शनीने एकदा चिडून म्हटलं, आई, मीपन आहे ना, अकोलावाली. जाई हसली, तिला जवळ घेतलं, आणि संध्याकाळी मला पुन्हा फाटकापासून विचारलं. आता माझ्या मनात ती जागा माझ्या पाहिल्याने किती आहे आणि तिच्या विचारण्याने किती, मला वेगळं करता येत नाही. मी डोळे मिटले की भिंतीची सावली दिसते. मी तिथं होतो तेव्हा सकाळ होती आणि ढग होते. सावली नव्हतीच.

बातमीनंतर थोड्याच दिवसांत विपुलचा फोन आला. त्याचे वडील वारले, आता तो दुकान पाहतो. त्याने जाईबद्दल नीट विचारलं, आणि मग म्हणाला की हमाचं जिनिंग नव्या माणसाने घेतलं, बँकेने पहिल्यांदा हो म्हटलं, पेट्या मुंबईकडे निघाल्या, आपला फिटर नितेश तिकडं पोचला. मला एकदा अकोल्याला येऊन जा म्हणाला, जुन्या जागेबद्दल काही विचारायचं आहे, तिथलं तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी बसमध्ये बसलो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, दोन्ही बाजूंना कपाशी नुकतीच वर आली होती, ओळींतून बैलांचे डवरे चालले होते, आणि मी काचेला डोकं टेकवून स्वतःला सांगत होतो की ते मला पाठवणार. पासपोर्ट संपला आहे, तो नवा करता येतो. छातीत दुखतं, ते कोणाला सांगायचं नाही. जाईची शाल घेऊन जायची, दारातून बाहेर पडायचं, टाकी ओलांडायची. बाजूला बसलेल्या माणसाने विचारलं, काका, तब्येत ठीक आहे ना. माझे ओठ हलत होते म्हणे.

गोदामात पेट्या नव्हत्या. त्या जिथं इतकी वर्षं होत्या तिथं फरशीवर स्वच्छ चौकोन राहिला होता, बाकी सगळीकडे तेल आणि धूळ. मी त्या चौकोनाच्या कडेने चाललो, त्यावर पाय दिला नाही. विपुलने मला खुर्ची दिली, चहा सांगितला, टेबलावर नकाशा पसरला. मला पाठवायचा प्रश्नच नव्हता. तो हळूच म्हणाला, काका, तुमी आता आराम करा, नितेश तुमच्याच हातचा आहे. नितेश अकोटचा, माझ्याकडेच पातं लावायला शिकला. मग त्याने नकाशावर बोट ठेवलं. नव्या मालकाला दुसरीच काय, तिसरी ओळही पाहिजे, मोठं शेड बांधायचं आहे, पैसा आला आहे तर लगेच. पाया मागच्या मोकळ्या जागेत घ्यायचा. तिथली जमीन तुम्ही त्या वेळी पाहिली होती, पक्की आहे ना, एवढंच सांगा.

मी त्या कागदाकडे पाहत राहिलो. फाटक होतं, वजनकाटा होता, शेड होतं, आणि मागे एक रिकामा चौकोन होता, त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारल्या होत्या. इतकी वर्षं मी समजत होतो की निर्बंधांनी ती जागा आमच्यापासून तोडली. तसं नव्हतं. त्यांनीच ती राखली होती. सगळा देश अडला होता म्हणून तिथं कोणाला एक वीट ठेवता आली नाही, एक फावडं मारता आलं नाही. अबू यासीनची पोरं उपाशी होती आणि माझं पोरगं सुखाने झोपलं होतं, एकाच कारणाने. आणि आम्ही नवरा-बायको रोज संध्याकाळी ते कारण संपावं म्हणून बसत होतो. जमीन पक्की होती. मी स्वतः खणली होती, पक्की कशी असते ते माझ्या मनगटांना माहीत होतं. पाणी लागतं, जमीन फुगते, एवढं म्हटलं असतं तर शेड दुसऱ्या बाजूला गेलं असतं आणि कोणी मला पुन्हा विचारलं नसतं. माझ्या तोंडात तो शब्द आला. पण पायाबद्दल खोटं सांगायचं आणि त्यावर नितेश यंत्र उभं करणार, हे मला जमेना. आणि खरं सांगायला तोंड उघडेना.

"काका?" विपुल म्हणाला.

"मागं नको," मी म्हणालो.

"काहून? कच्ची हाय का?"

"पक्की हाय. मागं माहं पोरगं हाय."

त्याला काही माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांना माहीत होतं. मी सांगितलं, फार नाही, दोन-चार वाक्यांत संपलं. विपुलने चहाचा कप खाली ठेवला. मग तो नितेशला व्हिडिओ फोन लावायला लागला. नितेशचा चेहरा आला, डोक्याला रुमाल बांधलेला, मागे ऊन. विपुलने त्याला सांगितलं. नितेशने डोक्यावरचा रुमाल काढला, मग म्हणाला, "काका, तुमी फकत जागा दाखवा. तेवढी मी सोडतो. मालकाशी मी बोलतो, तो लेकरावाला माणूस हाय. कुठंसं, सांगा."

यापेक्षा मोठं काही कोणी मला देऊ शकत नव्हतं. आणि मी ते घेऊ शकत नव्हतो. मी म्हणालो, मागच्या दारातून बाहेर पड. तो निघाला, फोन हलत होता, जमीन वर-खाली होत होती. दाराबाहेर टाकी, मी म्हणालो. टाकी नाही काका, तो म्हणाला, खालचे चार दगड आहेत फक्त. त्यावरून पुढं. भिंतीच्या अंगानं. भिंत पडली होती, विटांचा लांब ढीग होता, मध्ये मोठं खिंडार होतं, लढाईतलं असावं. इथं? पुढं. इथं? थोडं पुढं. थोडं म्हणजे किती, तो म्हणाला, आणि ते जाईचं वाक्य होतं. तो चालत होता आणि मी त्याला थांब म्हणू शकत नव्हतो. सगळी जमीन सारखी होती. गवत वाळलेलं, मध्येमध्ये लाल. मग कोपऱ्यात मला पांढरं दिसलं. ढिगाच्या पायथ्याशी, पांढरं, स्वच्छ. अबू यासीनने माझं ऐकलं नव्हतं. मी पाठ वळवल्यावर त्याने दगड ठेवला होता, आणि इतकी वर्षं तो तिथं होता, गोळ्यांत, पावसात. मी खुर्चीतून उठलो. "नितेश, ते पांढरं काय हाय? तिकडं, उजव्या हाताले. ते दाखव."

नितेश तिकडं गेला. फोन खाली केला. म्हणाला, "चुन्याची फक्की हाय काका. पायाची आखणी केली काल. रेघ हाय, आखरीपर्यंत गेली."

दगड नव्हता. मी त्याला तो कोपरा, हा कोपरा, ढिगाच्या विटा बाजूला करून पाहायला लावलं, तो पाहत होता, त्याने एकदाही कंटाळा दाखवला नाही. शेवटी विपुल म्हणाला, "काका, पुरी जागा नाही सोडता येत. कोनताही एक कोपरा सांगा. तुमी म्हनान तो. तिथं आपन दगड लावू, झाड लावू." तो मनापासून म्हणत होता. मी बोट ठेवलं असतं तर ती जागा झाली असती, कोणी नाही म्हटलं नसतं. पण जाईने दर वेळी विचारलं तेव्हा, मला माहीत नाही, असंच मी म्हटलं होतं. ती राहिली नाही म्हणून आता, मला माहीत आहे, असं कसं म्हणू?

मी नितेशला म्हणालो, "आता परत दाराकडं चाल. पन फोन मागं धर. तू समोर पाह्य, फोन मागं राहू दे."

त्याला काय समजलं कोण जाणे, त्याने विचारलं नाही. तो चालू लागला आणि ती जमीन माझ्यापासून मागे सरू लागली. त्या सकाळी मी जसा निघालो होतो तसा मी निघालो, पण या वेळी मला मागचं दिसत होतं. गवत. विटा. पांढऱ्या रेघा. कोपरे लहान होत गेले. टाकीचे चार दगड आले आणि लांब गेले. तिथं कोणी उभं नव्हतं, कोणाच्या हातात काही नव्हतं. मी डोळे फाडून पाहत होतो, जाईसाठीही पाहत होतो, तिने कधीच न पाहिलेला तुकडा एवढाच होता आणि तो माझ्यासमोर होता, आणि त्यात काहीच नव्हतं. मग दाराची चौकट आली आणि चित्र काळं झालं. नितेश आत गेला होता. त्याचा आवाज आला, काका, काय करू सांगा.

"खोद," मी म्हणालो. "पन खोदशीन तवा फोन चालू ठेव."

"दिवसभर चालन ते, काका."

"चालू दे."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विपुलच्या दुकानात बसलो. रात्री अकोल्यातल्या बंद घरात झोपलो होतो, मुलीला फोनवर काम आहे एवढंच सांगितलं. विपुलने त्याचा फोन एका बेअरिंगच्या खोक्याला टेकवून माझ्यासमोर ठेवला आणि गिऱ्हाइकांना पलीकडच्या टेबलावर बसवलं. तिकडचा जेसीबी पिवळाच होता. त्याने पहिला घास उचलला, माती लाल होती. मी पाहत होतो. दात खाली जायचे, वर यायचे, बाजूच्या ढिगावर सांडायचे, आणि सांडताना मी प्रत्येक वेळी पुढे वाकायचो. मला माहीत होतं की काही सापडणार नाही. मीठ मीच टाकलं होतं, मूठभर नव्हे, भरपूर, लवकर व्हावं म्हणून. तरी मी पापणी लवू देत नव्हतो. कुठल्या तरी एका घासात तो होता, आणि मी तो पाहिला, पण कोणता ते मला सांगता येत नाही. जेवणाचा डबा आला, तसाच राहिला. दुपार उतरल्यावर खड्डा खोल गेला, मी खणला होता त्याच्या किती तरी खाली, आणि खालून काळपट माती यायला लागली. नितेश म्हणाला, ओल लागली असन, काका. असेल. ढीग आता शेडच्या दारापर्यंत वाढला होता. जाईला मी लाल म्हणून सांगितलेली सगळी माती त्या ढिगाच्या तळाशी गेली होती, आणि तिच्यावर काळी पडत होती.